अवर्षण, संजीवके आणि भांगेचे बियाणे

अवर्षणाच्या टापूत राहणाऱ्या आमच्या सभासदांपैकी बऱ्याच जणांनी अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आम्हांस विचारला आहे. भांगेच्या पिकास पाणी फारसे लागत नाही, किडीचा उपद्रव होत नाही, आणि तिचा वाख व बी ह्यांस परदेशांत चांगला भाव येतो, असे त्यांच्या कानांवर आले आहे. हे जर खरे असेल, तर माण, आटपाडी, जत, सांगोला अशा तालुक्यांतील शेतकऱ्याने वरचेवर हातची जाणारी ज्वारी-बाजरी किती दिवस कवटाळून बसावे? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या विहिरीने माघातच तळ गाठला, त्याने नव्या पिकाची चौकशी केली तर त्यास कोणी हावरा म्हणू नये.

ह्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसराही एक प्रश्न येतो. बाजारात संजीवकांच्या बाटल्या मिळतात. त्यांतील औषध फवारले की कोणतेही पीक पाण्याचा ताण सोसते, असे विकणारा सांगतो. मग भांग पेरावी, वरून संजीवक फवारावे, आणि अवर्षणाची चिंता सोडावी, असा सोपा हिशेब काही जणांनी मनाशी मांडला आहे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. अवर्षण सोसण्याचा गुण बाटलीत नसतो व परक्या मुलखातून आणलेल्या पिशवीतही नसतो. तो आपल्या जमिनीत, आपल्या ऋतुमानात पारखून काढलेल्या बियाण्यात असतो. भांगेच्या बाबतीत असे बियाणे आपल्या शेतकऱ्यांच्या हाती आज नाही. आणि ते तयार होण्यापूर्वी जो शेतकऱ्यास ह्या पिकाच्या नादी लावील, तो त्याचा हितकर्ता नव्हे. हे मत कशाच्या आधारावर बनले, ते आता क्रमाने मांडतो.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजीत ज्यास हेंप म्हणतात त्या एका नावाखाली निदान तीन वेगळी झाडे मोडतात. आपला ताग, ज्यास कोठे बोरू म्हणतात, तो त्यांच्या लेखी सन हेंप. आपली अंबाडी ती डेक्कन हेंप. आणि भांग ती खरी हेंप. ताग शेंगवर्गातला, अंबाडी भेंडी-कपाशीच्या कुळातली, आणि भांगेचे कूळ ह्या दोहोंपासून अगदी दूरचे. तेव्हा हेंपविषयी जे काही छापून येते ते सगळे एकाच झाडाविषयी आहे असे समजू नये. भांग, गांजा व चरस ही मात्र एकाच झाडाची रूपे होत. मादी झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, त्यावरचा चीक म्हणजे चरस, आणि पाला म्हणजे भांग. वाखासाठी व बियांसाठी लावतात ती भांगही त्याच जातीची. फक्त तिच्यात मादक द्रव्य अत्यल्प असते.

हे झाड आपल्या प्रांतास नवे नाही. १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने भांग-गांजाविषयी जो मोठा अहवाल तयार केला, त्या काळी मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीचे मुख्य ठिकाण म्हणजे नगर जिल्हा, आजचा अहिल्यानगर, हे होते. बंगालमध्ये नौगावच्या गांजा पिकविणाऱ्यांनी १९१७ साली आपली सहकारी संस्थाही काढली होती. तो काळ गेला. १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्यांच्या अधिनियमाने परवान्यावाचून हे झाड लावणे हा गुन्हा ठरविला असून, त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली आहे. वाख, बी अथवा बागकाम ह्यांसाठी लागवडीस मुभा देण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या १४ व्या कलमाने सरकारकडे ठेवला आहे. उत्तराखंडाने अशा लागवडीसाठी मादक द्रव्याची मर्यादा ०.३ टक्के ठरवून परवाने दिले आहेत. हिमाचल प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर व नौणी येथील दोन विद्यापीठांकरवी आधी प्रायोगिक अभ्यास करण्याचे ठरविले. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

आता पाण्याविषयी. कपाशीच्या मानाने भांगेस पाणी कमी लागते हे खरे आहे. मोकळ्या व खोल जमिनीत तिचे सोटमूळ दीड-दोन मीटर खाली जाऊन ओल शोधते, हेही खरे आहे. परंतु ह्या दोन खऱ्या गोष्टींवरून तिला पाणी लागत नाही असे अनुमान काढणे चूक होय. युरोपातील जाणकार तिच्या चांगल्या पिकास हंगामभरात ५०० ते ७०० मिलिमीटर पाणी धरतात. आपल्या अवर्षणाच्या तालुक्यांत वर्षाचा सगळा पाऊसच सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि तोही वेळेवर येत नाही. उगवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, मूळ अजून वरच्या थरातच असताना, पावसाने ओढ दिली तर भांग खुरटते. उलट भारी काळ्या जमिनीत पाणी साचले तर तिची मुळे गुदमरतात. आणि ज्या मुरमाड, हातभर खोलीच्या जमिनीसाठी ह्या पिकाची शिफारस होते, तेथे दोन मीटर खाली जाणाऱ्या मुळाचा उपयोग काय? मूळ लांब असून भागत नाही. त्यास जावयास जागा पाहिजे.

वाखाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती बोलून दाखविणारा क्वचितच भेटतो. अंबाडी अथवा ताग ज्याने काढला आहे त्यास ठाऊक आहे की, काड्या कुजविल्यावाचून वाख सुटत नाही आणि कुजविण्यास डोह किंवा डबके लागते. युरोपात काड्या शेतातच पसरून दवावर कुजवितात; आमच्याकडे काढणीच्या वेळी पुरेसे दव पडेल ह्याची खात्री कोणी द्यावी? म्हणजे जे पीक पाण्यावाचून येते म्हणून लावावयाचे, त्याच्या काढणीनंतर गावाने पाणी शोधीत हिंडावयाचे!

ह्याचा अर्थ असा नव्हे की भांगेत अवर्षण सोसण्याची शक्ती आणता येणार नाही. येईल. परंतु ती कशी येते हे समजण्यासाठी झाड तहानले असता त्याच्या अंगात काय घडते, ते पाहिले पाहिजे.

झाडाच्या पानांस बारीक तोंडे असतात, त्यांस पर्णरंध्रे म्हणतात. त्या तोंडांवाटे हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. जमिनीतील ओल कमी झाली की झाडात एक द्रव्य तयार होते व ते ही तोंडे मिटविते. ह्या द्रव्याचे नाव ॲबसिसिक आम्ल. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रेडरिक ॲडिकॉट व त्यांचे सहकारी कपाशीची कोवळी बोंडे का गळतात ह्याचा शोध करीत होते, त्यांस हे प्रथम सापडले. त्याच सुमारास वेल्समध्ये फिलिप वेअरिंग ह्यांच्या प्रयोगशाळेत झाडांच्या कळ्या हिवाळ्यात का निजतात ह्याचा अभ्यास चालू असता तेच द्रव्य हाती आले. बोंडगळीचे मुख्य काम दुसऱ्याच एका संजीवकाचे, इथिलीनचे, असे पुढे दिसून आले. आणि १९६९ साली इंग्लंडात गव्हाच्या कोमेजलेल्या पानांत ॲबसिसिक आम्ल कित्येक पटींनी वाढते असे आढळल्यावर त्याचा तहानेशी असलेला संबंध उघड झाला. पेशीमध्ये ह्या द्रव्याचा निरोप नेमके कोण घेते, हे कळावयास २००९ साल उजाडावे लागले.

येथे शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पर्णरंध्रे मिटली की पाणी वाचते, पण त्याबरोबर हवाही आत जाईनाशी होते आणि झाडाचे अन्न शिजणे थांबते. झाड जगते, पण वाढत नाही. जो वाण थोड्याशा उन्हाने घाबरून तोंडे मिटतो तो दुष्काळात हिरवा दिसेल, पण खळ्यात त्याचे माप भरणार नाही. जो वाण शेवटपर्यंत तोंडे उघडी ठेवतो तो बऱ्या वर्षी खळे भरील व वाईट वर्षी मुळासकट वाळेल. मिटावे कधी आणि किती, ह्याचा समतोल हेच अवर्षणसहिष्णुतेचे मर्म होय; आणि हा समतोल प्रत्येक जमिनीस व प्रत्येक पाऊसमानास निराळा असतो. दोन पावसांत पंधरा दिवसांची उघडीप पडते तेथे एक वाण चांगला, तर परतीचा पाऊस संपल्यावर साठलेल्या ओलीवरच पीक पदरात पाडून घ्यावयाचे असते तेथे दुसरा. म्हणून अवर्षणास उत्तम असा सर्व देशांस चालणारा वाण असू शकत नाही. जो तसे सांगतो त्याने अवर्षण पाहिलेले नाही.

भांगेच्या बाबतीत हा समतोल साधणे इतर पिकांहून अवघड आहे. कारण ह्या झाडात संजीवकांच्या हाती केवळ पाण्याचे नव्हे, तर लिंगाचेही सूत्र असते. भांगेची नर झाडे व मादी झाडे निरनिराळी असतात. दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक मोहन राम ह्यांनी ह्याविषयी केलेले प्रयोग जगभर मान्यता पावले आहेत. इथिलीन सोडणाऱ्या औषधाने नर झाडावर मादी फुले येतात, असे त्यांनी व जयस्वाल ह्यांनी १९७० साली दाखविले. १९७२ साली त्यांनी असे सिद्ध केले की, जिबरेलिनाने मादी झाडावर नर फुले येतात आणि ॲबसिसिक आम्ल दिल्यास जिबरेलिनाचे हे कार्य अडते. म्हणजे जे द्रव्य तहानेच्या वेळी पर्णरंध्रे मिटविते, त्याचाच हात फुलाचे लिंग ठरविण्यातही पोचतो. बी पाहिजे असेल तर नर व मादी दोन्ही हवीत. एकसारखा वाख पाहिजे असेल तर झाडे एका वेळी तयार झाली पाहिजेत, आणि नर झाडे तर पराग सोडून लौकर वाळतात. अशा पिकावर कोणतेही संजीवक वरून फवारणे म्हणजे एका दोरीस ओढ देऊन दुसऱ्या चार दोऱ्या हलविणे होय.

ह्याहून नाजूक प्रश्न मादक द्रव्याचा आहे. त्याचे लांब नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. लोक त्यास टी.एच.सी. म्हणतात. परवान्याच्या भांगेस ०.३ टक्क्यांची जी मर्यादा आहे, तिचे मूळ १९७६ साली अर्नेस्ट स्मॉल व आर्थर क्रॉन्क्विस्ट ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी आखलेल्या रेषेत आहे. ती रेषा निसर्गाने घातलेली नव्हे; पण कायद्याने ती उचलली आणि आता ती शेतकऱ्याच्या बांधावर येऊन उभी आहे. मर्यादेवर गेलेले पीक अमेरिकेतही भांग म्हणून विकता येत नाही. ते नष्ट तरी करावे लागते, नाही तर नियमाप्रमाणे त्यातील दोष काढून टाकावा लागतो. तेव्हा पाण्याचा ताण पडला असता हे द्रव्य वाढते काय, हा प्रश्न आमच्यासारख्यांस केवळ विद्वत्तेचा नाही.

ह्या प्रश्नावर दोन्ही बाजूंचा पुरावा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. इराणी संशोधकांनी २००९ साली फुलोऱ्याच्या वेळी भांगेस ॲबसिसिक आम्ल दिले, तेव्हा पाने व फुले ह्यांतील टी.एच.सी. वाढलेले आढळले. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात २०१९ साली औषधी भांगेच्या एका वाणास फुलोऱ्याच्या सातव्या आठवड्यात अकरा दिवस पाणी तोडले, तेव्हा मादक द्रव्य ज्यापासून होते त्या आम्लाचे प्रमाण सुमारे बारा टक्क्यांनी वाढले. उलट अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पूर, रोग, जखमा, तणनाशक व इथिलीनचे औषध असे निरनिराळे आघात शेतातील पिकावर करून पाहिले, त्यांत टी.एच.सी. मर्यादेबाहेर ढकलले जाण्यास हे आघात कारण झाल्याचे दिसले नाही. झाड जसजसे पक्व होते तसतसे ते द्रव्य वाढते, आणि दुसऱ्या द्रव्याशी त्याचे जे प्रमाण असते ते वंशाने ठरलेले असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

ह्या पुराव्याचा मेळ आम्ही असा घालतो. मुख्य गुण बियाण्याच्या वंशात आहे. हवामान त्यात थोडी भर घालते किंवा थोडे उणे करते. ज्या वाणात मादक द्रव्य मुळातच मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे, त्यास बारा टक्क्यांच्या वाढीने काही बिघडत नाही: ०.१० चे ०.११ झाले तर कोणाचे काय गेले? पण जो वाण ०.२८ वर उभा आहे, त्याचे तेवढ्याच वाढीने ०.३१ होते, आणि शेतकरी उत्पादकाचा गुन्हेगार होतो. कॅनडाचा प्रयोग घरातील कुंड्यांत झाला आणि कॉर्नेलच्या प्रयोगात आमच्या पठारावरचे अवर्षण नव्हते. मृग कोरडा गेल्यावर बरड रानात वाढलेल्या झाडाचे काय होते, हे पाहावयाचे तर ते त्याच रानात पाहिले पाहिजे.

मग युरोपातून वाण आणावे आणि येथे पेरावे, असे कोणी म्हणेल. फ्रान्समध्ये नर-मादी एकाच झाडावर असणारे वाण काढले आहेत. हंगेरीत कोंपोल्त येथे इव्हान बोचा ह्यांनी वाखाचे प्रमाण अधिक असलेले वाण तयार केले. ही कामे थोर आहेत. परंतु भांग हे दिवस लहान होऊ लागले की फुलणारे झाड आहे. जे वाण पंचेचाळीस ते पन्नास अक्षांशांवरच्या पंधरा-सोळा तासांच्या उन्हाळी दिवसात वाढण्याची सवय घेऊन आले आहेत, त्यांस आमच्या अठराव्या अक्षांशावरचा तेरा तासांचा दिवस लहान वाटतो. ते गुडघाभर उंचीवर फुलावयास लागतात. वाख उंचीत असतो. उंचीच नसेल तर काढावयाचे काय? शिवाय ज्या वाणाने वळवाच्या पावसानंतरची उघडीप कधी पाहिली नाही, त्याच्या पर्णरंध्रांस ती केव्हा मिटावीत ह्याचे शिक्षण कोठून मिळणार?

ह्याच्या उलट आमच्याच घरचा दाखला पाहा. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्वातंत्र्यापूर्वी मालदांडी ज्वारीच्या स्थानिक बियाण्यातून एक निवड वेगळी काढण्यात आली. तीच मालदांडी ३५-१. त्या वेळी ॲबसिसिक आम्लाचे नावही कोणास ठाऊक नव्हते. निवड करणाऱ्यांनी रब्बीच्या ओलीवर, त्याच जमिनीत, त्याच थंडीत कोणते कणीस भरते आणि कडबा कसा येतो, एवढेच पाहिले. त्यानंतर कितीतरी वाण आले व गेले. पण ह्या ज्वारीस रब्बीच्या शेतकऱ्याने अजून सोडलेले नाही. तिच्या मुळात व पानात संजीवकांचा जो समतोल आहे, तो कोणी बाटलीतून घातला नाही. तो निवडीने हाती आला. १९२३ साली मांजरीस कोरडवाहू शेतीचे जे प्रयोग सुरू झाले आणि पुढे सोलापुरास जे काम झाले, त्या सर्वांचा धडाही हाच आहे की, अवर्षणाचे उत्तर अवर्षणाच्या भूमीवरच शोधावे लागते.

संजीवकांच्या ज्ञानाचा वाणनिर्मितीस उपयोग होत नाही असे मात्र आमचे म्हणणे नाही. उपयोग फार मोठा आहे. बुटक्या गव्हाचेच घ्या. ज्या वाणांनी १९६० नंतरच्या दशकात आपल्या देशाचे कोठार भरले, त्यांचे बुटकेपण जिबरेलिनाच्या हुकमास दाद न देणाऱ्या जनुकांमुळे आले. ते जनुक नेमके काय करतात हे १९९९ साली इंग्लंडात उकलले. पण त्यासाठी शेतकऱ्यास एकही बाटली विकत घ्यावी लागली नाही. गुण बियाण्यात आला आणि बियाण्याबरोबर घरोघर गेला. संजीवकांच्या शास्त्राचा खरा मान हाच, असे आम्ही समजतो.

बाटलीचाही आम्ही सरसकट निषेध करीत नाही. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदार जी.ए. वापरतो आणि त्याचे मणी फुगतात. कोकणातील आंबेवाला जिबरेलिन रोखणारे औषध मुळांशी घालून मोहोर आणतो. केळी पिकविणाऱ्यास इथिलीनचा उपयोग ठाऊक आहे. परंतु द्राक्षाची बाग पाण्याखाली असते व तेथे संजीवकाकडून एक नेमके काम घ्यावयाचे असते. कोरड्या रानात पाण्याच्या जागी संजीवक हा व्यवहारच निराळा. ॲबसिसिक आम्ल बाहेरून फवारले तर पर्णरंध्रे मिटतील. पण ती केव्हा उघडावी हे बाटली सांगत नाही, आणि उघडीप चार दिवसांची की चाळीस दिवसांची हे फवारणाऱ्यासही ठाऊक नसते. जैव उत्तेजकांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालास सरकारने २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली आणले, हे योग्यच झाले. शेतकऱ्याने अशी बाटली घेताना तिच्यात कोणते द्रव्य किती आहे, आणि ते कोणत्या पिकावर व कोणत्या जमिनीत तपासले, एवढे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर न मिळाल्यास पैसे खिशातच ठेवावेत.

आमच्या ह्या विवेचनावर असा आक्षेप येईल की, तुम्ही शेतकऱ्यास नेहमी थांबावयास सांगता; वाणनिर्मितीस दहा-बारा वर्षे लागतात, तोपर्यंत त्याने खावे काय? आक्षेप खरा आहे आणि तो आम्हांसही बोचतो. पण थांबण्याची किंमत आणि फसण्याची किंमत ह्यांची तुलना केली पाहिजे. ज्वारी गेली तर एक साल जाते. निदान जनावरापुढे टाकावयास थोडा कडबा उरतो. मर्यादेबाहेर गेलेल्या भांगेचे पीक गेले तर बियाण्याचा पैसा जातो, जमीन अडकून पडते, आणि वर अंगावर खटला येतो. दहा एकरांचा धनी कदाचित तो धक्का सोसेल. दोन एकरांचा सोसणार नाही. शिवाय हातावर हात ठेवून बसा असे आमचे सांगणे नाहीच. वाखाचीच हौस असेल तर ज्वारी-बाजरीच्या पाटात अंबाडी आपले वाडवडील लावीतच होते. तिच्या पाल्याची भाजी होते, बियांचे तेल निघते, आणि तिला परवाना लागत नाही. ताग गाडला तर जमिनीचा कस वाढतो. ह्या दोन पिकांच्या सुधारणेकडेही आमच्या संशोधकांनी अधिक लक्ष द्यावे.

भांगेविषयी सरकारकडे व कृषी विद्यापीठांकडे आमचे मागणे थोडक्यात असे आहे. हिमाचलाने जसे आधी विद्यापीठांकडे काम सोपविले, तसे आपल्या राज्यानेही कायद्याच्या चौकटीत राहून राहुरी, परभणी, अकोला व दापोली ह्यांपैकी योग्य त्या विद्यापीठाकडे हे काम द्यावे. हिमालयाच्या पायथ्यापासून देशभर जी भांग आपोआप उगवते तिचे बियाणे जमवून, ज्यांत मादक द्रव्य अत्यल्प आहे असे वंश प्रथम वेगळे काढावेत. त्यांची पारख ओलिताच्या सपाट वाफ्यांत न करता सोलापूर भागातील उथळ, कोरडवाहू जमिनीत करावी. प्रत्येक वाणाचा वाख, बी व टी.एच.सी. ही तिन्ही भरल्या पावसाच्या वर्षी आणि अवर्षणाच्या वर्षी वेगवेगळी मोजून दोन्ही आकडे लोकांपुढे ठेवावेत. ज्याचे टी.एच.सी. अवर्षणाच्या वर्षीही मर्यादेच्या निम्म्याखाली राहील, त्यासच शिफारशीचा मान द्यावा. आणि प्रमाणित बियाणे पेरूनही पीक मर्यादेबाहेर गेले, तर त्याची जोखीम बियाणे विकणाऱ्यावर राहील, शेतकऱ्यावर नाही, अशी तरतूद परवान्याच्या नियमांतच असावी. ही शेवटची अट मान्य होईपर्यंत आमच्या कोणाही सभासदाने ह्या पिकाचा करार करू नये, अशी आमची स्पष्ट सूचना आहे.

आमच्या सभासदांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. वाण पारखण्याचे काम केवळ विद्यापीठांचे नाही. ज्या वर्षी सगळे रान करपते, त्या वर्षीही कोपऱ्यातील चार ताटे तग धरून दाणा भरतात, हे प्रत्येकाने पाहिले आहे. पुष्कळदा ती जनावरांच्या तोंडी जातात. ती खुणेचा दोरा बांधून निराळी ठेवावीत, त्यांचे बी वेगळे राखावे आणि आपल्या जवळच्या संशोधन केंद्रास दाखवावे. अवर्षणाने जी पारख एका सालात केली, ती करावयास प्रयोगशाळेस कित्येक वर्षे लागतील. ज्वारी असो, बाजरी असो, की उद्या कायद्याने मोकळी झालेली भांग असो, हा नियम सर्वांस सारखाच लागू आहे.

पुढचा हंगाम जवळ येत आहे. आश्वासने घेऊन येणारे लोकही त्याबरोबरच येतील. त्यांस आदराने बसवावे, पाणी द्यावे, आणि मग विचारावे की, बुवा, हे बियाणे तुम्ही आमच्यासारख्या रानात, पाऊस नसताना पेरून पाहिले आहे काय?